नाव नको, वास सांग

साळवे मॅडमना वस्तूचं नाव आधी सांगितलेलं खपत नसे. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी माझ्या हातात एक काचेची बाटली दिली आणि म्हणाल्या, "वास घे आणि सांग." मी मुळातच तोंडाळ. बूच काढलं, नाक बाटलीत खुपसलं आणि सगळ्यांच्या आधी ओरडले, "डांबरगोळी, मॅडम!" वर गर्रकन मागं वळून सगळ्या वर्गाकडे बघून घेतलं. मॅडमनी शांतपणे बाटली काढून घेतली.

"एक तर नाक असं बुडवायचं नसतं, ती काय कढी आहे का? हातानं वारा घ्यायचा. आणि मी तुला नाव विचारलं नव्हतं, वास विचारला होता. नाव कळलं की माणूस वास घ्यायचा थांबतो. आता सांग, कसा आहे?"

"उग्र," मी म्हटलं.

"आणखी?"

"गोडसर."

"आणखी?"

मला घाम फुटला. एवढ्याशा वासात आणखी असणार तरी काय? शेवटी वैतागून म्हणाले, "आमच्या घरची ट्रंक उघडल्यावर येतो तसा. लग्नाला जायच्या दिवशी आईच्या शालूला येतो तसा!" अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आता कसं! उभ्या जन्मात विसरणार नाहीस," असं म्हणून त्या पुढच्या मुलीकडे वळल्या.

उंच, काटक बाई. अंगावर इस्त्रीची सुती साडी आणि खांद्यावर कायम एक पांढरा पंचा. त्या पंच्यानं त्या हात पुसत, गरम चंचुपात्र उचलत आणि एखादा मुलगा फारच बडबडायला लागला तर त्याच्या डोक्यावर हलकेच टाकत. राहायच्या इंदापुरात, आणि रोज एसटीनं बारामतीला ये-जा करायच्या. "डोळे मिटून सांगते गाडी कुठं आली," असं त्या फुशारकीनं म्हणायच्या. "निमगाव आलं की डाळिंबावरची फवारणी. पुढं कारखान्याची मळी. काटेवाडी आली की गोठे आणि ओला घास. आणि पिंपळी आली की या वैशालीच्या आईचा तव्यावरचा ठेचा." शेवटचं अर्थातच मला चिडवायला. आमचं घर पिंपळीत रस्त्याला लागूनच आहे.

त्यांच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून, म्हणे, त्यांच्या घरात दोनच गोष्टींना बंदी होती. एक दारू आणि दुसरी शाळा बुडवणं. मॅडमना तापातसुद्धा शाळेत पाठवलेलं होतं. त्यामुळे "मॅडम, पोटात दुखतंय" हे कारण घेऊन त्यांच्याकडे जायची कुणाची छाती नव्हती. "बस इथंच. दुखायचं थांबलं की ब्युरेट धर," एवढंच उत्तर मिळायचं.

संयुगांचं वर्गीकरण शिकवायची त्यांची रीत मला अजून जशीच्या तशी आठवते. "संयुग हातात आलं की पहिला प्रश्न, बाई गं, तू कुठल्या घरातली? नाव मागाहून. घर कळलं की निम्मे गुण आपोआप कळतात." मग जरा थांबून म्हणायच्या, "हा प्रश्न संयुगालाच विचारायचा. माणसाला कधी विचारायचा नाही. मला पुष्कळांनी विचारलाय, म्हणून सांगते." हे त्या इतक्या सहज बोलायच्या की मागच्या बाकावरच्या मुलांनाही मान खाली घालावी लागायची.

अ‍ॅरोमॅटिक म्हणजे सुवासिक, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, "जुन्या लोकांना यातली काही संयुगं सुवासिक सापडली, म्हणून त्यांनी तसं नाव ठेवलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. खरी खूण वास नाही, कडं आहे. सहा कार्बन एकमेकांचे हात धरून गोल बसलेत, सहजासहजी सोडत नाहीत, ते बेंझीन. आणि आपली डांबरगोळी, म्हणजे नॅप्थलीन, दोन कड्यांची. शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधली भिंत सामाईक. घरात फक्त कार्बन आणि हायड्रोजन, तिसरं कुणी नाही." मग त्यांनी मला तो पांढरा चुरा पळीवर जाळायला लावला. भक्कन काळीकुट्ट काजळी उठली आणि थेट माझ्या नाकावर बसली. "ही बघा कड्याची खूण!" माझ्याकडे बोट दाखवून मॅडम म्हणाल्या. दिवसभर कॉलेजात मी ती खूण मिरवली, कारण मैत्रिणींनी सांगितलंच नाही. मेल्या कुठल्या!

पण त्या दिवशीचा खरा धडा पुढं होता. मॅडमनी तो चुरा वाटीत घेऊन मंद तापवला आणि वर गार काचेचं नरसाळं पालथं घातलं. थोड्या वेळानं नरसाळ्याच्या आतून चकचकीत पांढरे पापुद्रे धरले. "ही नुसती हवेवरसुद्धा हळूहळू वाफ होऊन निघून जाते. ट्रंकेतली गोळी वर्षभरात वाटाण्याएवढी होते ना? मग गेली कुठं? कपड्यांत गेली. वास म्हणजे काही भूतबीत नाही. वास म्हणजे वस्तूच. वास आला म्हणजे वस्तू आली." मग एका परीक्षानळीत पाणी आणि एकीत कोमट खोबरेल घेऊन दोन्हींत चिमूटभर चुरा टाकला. पाण्यात तो ढिम्म बसून राहिला. तेलात बघता बघता दिसेनासा झाला. "पाण्याला दाद देत नाही, तेलाला लगेच वश होते. लिहून घेऊ नका, बघा," त्या म्हणाल्या. आम्ही बघितलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरून गेलो.

पुढे मला इंदापुरात पेरूचा गर काढणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि लग्न होऊन सासरही इंदापुरातच मिळालं. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं घर आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. रविवारी मी जायचे, त्या चहा टाकायच्या, आणि मी माझ्या साहेबाच्या चहाड्या सांगायचे. मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत मॅडम आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, पण त्यांचा वास गेला. वाट बघितली, डॉक्टर झाले, औषधं झाली. तो परत आलाच नाही.

आमच्यासारख्यांचा वास गेला असता तर काय बिघडलं असतं? पण मॅडमचं निम्मं जगच त्या नाकात होतं. "आता एसटी कुठं आली ते खिडकीतून बघावं लागतं गं," एवढंच एकदा म्हणाल्या. मला भडभडून आलं. त्या मात्र रडगाणं गाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सरळ माझं नाक कामाला लावलं. मी दारात पाऊल टाकलं की विचारायच्या, "बोल, आज कशाकशाचा वास आला?" मी म्हणायचे, "पेरूचा." त्या म्हणायच्या, "ते नाव झालं. वास सांग." मग मी सांगत बसायचे, पहिला घाणा गोड होता, दुपारचा जरा आंबूस आला, एका पोत्यातल्या पेरूला चक्क ओल्या बारदानाचा वास होता. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या आणि मी थांबले की हळूच म्हणायच्या, "आणखी?"

पहिल्या बाळंतपणाला मी पिंपळीला, आईकडे गेले. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा आईनं दिवाणाखालची ट्रंक ओढली आणि आतून माझी, म्हणजे माझ्या स्वतःच्या बाळपणाची दुपटी, झबली, कुंची बाहेर काढली. आमच्याकडे पोराला पहिले कपडे नवे घालत नाहीत. कुणी तरी वापरलेले, मऊ झालेले घालतात. आईनं ते इतकी वर्षं जिवापाड जपले होते. "तुज्या आजीच्या लुगड्याचं दुपटं हाय ह्ये. एक भोक न्हाय पडलं बघ," असं म्हणताना तिचा ऊर भरून आला होता. रोज कपडे धुऊन, उन्हात वाळवून, दिवस मावळायच्या आत ती परत ट्रंकेत ठेवायची. तान्ह्या बाळाचे कपडे बाहेर राहिले तर बाधा होते, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं.

चार-पाच दिवसांत बाळ पिवळं पडलं. बारामतीच्या दवाखान्यात त्याला दिव्याखाली ठेवलं, उघडंच, नुसतं लंगोट बांधून. पिवळेपणा उतरला, आम्ही हसत घरी आलो. दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि या वेळी बाळ पिवळ्याबरोबर पांढरंफटकही दिसायला लागलं. दुपट्यावर लघवीचा डाग काळ्या चहासारखा. दूध ओढायचं सोडून झोपून राहायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "तांबड्या पेशी फुटतायत. का फुटतायत ते कळत नाही. गुटी दिली? घासा? कसलं मलम? काही औषध?" आईनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की दुधाशिवाय पोटात थेंब गेलेला नाही. "सकाळी पहिल्यांदा घेऊन या. रक्त आणखी उतरलं असेल तर मी थांबणार नाही, पुण्याला पाठवीन," डॉक्टर म्हणाले. आईनं मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. नितीन, माझा नवरा, गाडीची तजवीज करायला गेला. मी बाळाकडे बघत बसले. त्याचा श्वास चालू आहे ना, एवढंच बघत होते.

त्याच दुपारी साळवे मॅडम बाळ बघायला आल्या. खांद्यावर पंचा, हातात डाळिंबांची पिशवी. आईनं दार उघडलं. "या मॅडम, हितं बसा. काय सांगू तुमाला, पोराचं काय बरं न्हाय बगा." मॅडम पलंगावर माझ्याशेजारी बसल्या, बाळाच्या तळव्याला बोट लावलं, त्याचं पिवळं कपाळ बघितलं. आई सांगत होती ते सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वैशाली, तान्ह्या बाळाचा वास मला आठवतोय, पण येत नाही. जरा सांगशील?"

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, इथं माझं लेकरू जातंय का राहतंय ते कळत नाही, आणि तुम्हाला वास सुचतोय?"

"म्हणून तर म्हणते. तुझा जीव ठिकाणावर नाहीये. जरा त्याच्याजवळ जा. सांग."

मी बाळाला उचलून नाकाशी धरलं. "बाळाचा वास येतोय. अजून कशाचा येणार?"

"ते नाव झालं."

"तेलाचा येतोय. आईनं आत्ताच चोळलंय." माझे डोळे वाहत होते. "ओव्याच्या धुरीचा."

"आणखी?"

"वेखंडाचा."

"आणखी?"

मी त्याच्या मानेच्या वळीत, दुपट्याच्या घडीत नाक घातलं. इतके दिवस मी त्याच खोलीत, त्याच वासात होते. नाक सरावलं होतं. "गोडसर," मी म्हटलं. "उग्र. लग्नाला जायच्या दिवशी आईच्या शालूला..." आणि माझी नजर दिवाणाखालच्या ट्रंकेवर गेली.

मॅडम आधीच उठल्या होत्या. "ताई, कपडे काढा त्याचे. सगळे. आत्ताच्या आत्ता." आई भांबावली. "आवं, गार वारं लागंल की त्याला!" मॅडमनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या मांडीवर पसरला. आम्ही बाळाला उघडं केलं, अंगावरचं तेल साबणाच्या कोमट पाण्यानं धुतलं आणि पंच्यात गुंडाळलं. ट्रंकेच्या तळाशी, कागदाच्या पुड्यांत, डांबरगोळ्या होत्या. जुन्या विरल्या की आई दर दिवाळीला नव्या घालायची. रोज धुतलेलं दुपटं रोज त्या गोळ्यांच्या संगतीत जायचं आणि तेल चोळलेल्या अंगाभोवती परत यायचं. पाण्याला दाद देत नाही, तेलाला लगेच वश होते. मी स्वतः परीक्षानळीत बघितलं होतं ते.

मॅडमनी माझ्याच फोनवरून डॉक्टरांना सगळं सांगितलं. पलीकडून डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, "डांबरगोळ्या? सकाळची वाट बघू नका, लगेच आणा!" डॉक्टरांना औषधं विचारायची माहिती होती, आणि आईनं खरंच औषध दिलेलं नव्हतं. ट्रंकेला कोण औषध म्हणेल? पुढं तपासणीत निघालं की बाळाच्या तांबड्या पेशींत जन्मतःच एक एन्झाइम कमी आहे. अंगात मुरलेली डांबरगोळी इतर बाळांना कदाचित सोसली असती, त्याच्या पेशी मात्र तिनं फुटत होत्या. त्याला रक्त द्यावं लागलं. पण पुण्याला न्यावं लागलं नाही. दोनच दिवसांत लघवीचा रंग निवळला, आणि त्यानं असं काही भोकाड पसरलं की नर्स धावत आली. मला वाटलं, रड माझ्या राजा, अख्खी बारामती जागी कर!

इकडे आई मात्र खचली. दवाखान्याच्या बाकावर बसून कपाळ बडवायला लागली. "मीच माज्या नातवाला मारत व्हते. माज्या हातांनी." तिचं खाणंपिणं सुटलं. मी समजूत घालायला गेले, तर माझ्याच गळ्यात गळा घालून रडायला लागली. मॅडम रोज इंदापूरहून येत होत्या. त्या तिच्या शेजारी बसल्या.

"ताई, तुम्ही जपलंत. जपण्यात पाप नसतं."

"मग पाप कुणाचं, मॅडम?"

"कुणाचंच नाही. गोळी तिच्या गुणानं वागली. कसर मारायला आणली होती, तिनं तिचं काम केलं. तिचा गुण आपल्याला ठाऊक नव्हता, आता ठाऊक झालाय. आता या पोराच्या जवळपास आयुष्यात डांबरगोळी येता कामा नये, आणि ते तुमच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण बघणार?"

आईनं डोळे पुसले. "जाळून टाकते समदे कपडे. आजच."

"जाळू नका," मॅडम घाईनं म्हणाल्या. "अ‍ॅरोमॅटिक आहे. काजळी फार धरेल. या वैशालीला विचारा, कॉलेजात दिवसभर नाकावर घेऊन फिरली होती."

आई माझ्या नाकाकडे बघत राहिली आणि कितीतरी दिवसांनी खुदकन हसली. त्या क्षणी मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्यांना पाया पडलेलं आवडत नसे, म्हणून मी चहा आणायला गेले.

बारशाला मॅडमनी पार्थला मांडीवर घेतलं. अंगावर नवंकोरं, दोनदा धुतलेलं झबलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता सांग." मी वाकले. दूध, थोडा घाम, डोक्यावर उन्हात तापलेल्या मातीसारखं काहीतरी. मी सांगत गेले, त्या डोळे मिटून ऐकत गेल्या. आई तिथंच उभी होती. हा काय प्रकार आहे ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पार्थ बोलायला लागला तशी मॅडमनी माझी सुट्टी केली आणि त्याला कामावर घेतलं. "माझं नाक आलं का?" असं त्या दारातूनच विचारायच्या. तो त्यांच्या मांडीवर बसून सांगायचा, "मॅडमआजी, आज पप्पांच्या बुटाला कुत्र्याचा वास येतो." त्या गंभीरपणे म्हणायच्या, "कोरड्या कुत्र्याचा का ओल्या?" तो विचार करून म्हणायचा, "ओल्या." मग "आणखी?" आणि तो आणखी सांगायचा. त्याला वाटायचं, वास सांगणं हे नमस्कार करण्यासारखंच असतं, कुणाच्याही घरी गेलं की करायचं.

गेल्या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. निरोप आला तेव्हा आई आमच्याकडेच आली होती. आम्ही पार्थला घेऊन गेलो, कारण त्याला ठेवायला कुणी नव्हतं. घर माणसांनी भरलं होतं. निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली, कुणी डॉक्टर, कुणी शिक्षक, कुणी बागायतदार. पांढरी साडी नेसवून मॅडमना मधे ठेवलं होतं. उशाशी मेणबत्त्या. त्रिशरण म्हणून झालं होतं.

पार्थ माझा हात सोडून पुढं गेला. कुणी अडवायच्या आत तो मॅडमजवळ उकिडवा बसला, नाकासमोर हातानं वारा घेतला, आणि नेहमीच्या आवाजात सांगायला लागला. "मॅडमआजी, आज मेणाचा वास येतोय. फुलांचा येतोय, पाणी मारलेल्या. आणि खूप माणसांच्या कपड्यांचा." मग तो थांबला. त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला. पुढचा शब्द त्यांचा होता. मी त्याला उचलून घ्यायला उठले.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, माझ्या आईचा आवाज आला. घोगरा, पण स्पष्ट.

"आनकी रं, बाळा?"

पार्थनं पुन्हा हातानं वारा घेतला आणि पुढं सांगायला लागला.